सत्तरी ओलांडलेल्या आईला पुन्हा पुन्हा कॅज्युअल्टीत न्यावं लागतंय: आधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांच्या, तालुक्याच्या गावी वडिलांसोबत राहतात, तुम्ही पुण्यात. बीपी, साखर आणि गुडघेदुखी ही जुनी दुखणी. गेल्या चार महिन्यांत त्यांना सहा वेळा कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. दोनदा चक्कर, दोनदा रात्री धाप लागून छातीत भरून आलं, एकदा बाथरूममध्ये पडल्या, आणि एकदा संकष्टीच्या दिवशी दरदरून घाम फुटून असंबद्ध बोलू लागल्या. दर वेळी ईसीजी, सलाईन, एखादं इंजेक्शन, ‘घाबरण्यासारखं काही नाही’ असा दिलासा आणि घरी. नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तुम्ही विचारता की खरंच तसं असेल का, आणि पुण्याला आणून ‘फुल बॉडी चेकअप’ करावा का.

उत्तर देण्याआधी प्रश्न जरा वेगळा मांडतो. रात्री कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरपुढे एकच सवाल असतो: या पेशंटला आज दाखल करायचं, पुढे पाठवायचं, की घरी सोडलं तर चालेल? ईसीजी, बीपी, साखर, ऑक्सिजन बघून तो त्याचं उत्तर देतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पुढच्या खेपेला डॉक्टर दुसरा, केसपेपर दुसरा. आईंना सहा वेळा ‘आज धोका नाही’ हे उत्तर मिळालं. ‘हे सारखं सारखं का होतंय’ हा प्रश्न मात्र एकाही केसपेपरवर नसणार, कारण तो विचारणं त्या रात्री कुणाचंच काम नव्हतं. सत्तरीनंतर चार महिन्यांत सहा खेपा हे स्वतःच एक लक्षण आहे, आणि ते सहा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दिसत नाही.

इथून मला न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. मूत्रपिंडं किती काम करतात, हृदयाची अवस्था काय, विसरभोळेपणा आहे का, वडील स्वतः किती खंबीर आहेत, दवाखाना किती लांब आहे. या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलू शकतं. म्हणून मी निदान सांगत नाही, बघण्याचा क्रम सांगतो. आणि एक अट: हे वाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवणं हे घेत राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

पहिलं काम कागदांचं. सहाही खेपांचे केसपेपर, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि मेडिकलची बिलं गोळा करा. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, तो काही महिन्यांत पुसट होतो. आजच त्याचे फोटो काढून ठेवा. जुना ईसीजी हाताशी असेल तर पुढच्या खेपेला ‘हा बदल नवा की जुनाच’ हे डॉक्टरला दोन मिनिटांत सांगता येतं. नसेल तर निष्कारण रेफर होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे नवा बदल जुना समजला जातो.

मग एका कागदावर सहा ओळी लिहा. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, त्रास सुरू झाला तेव्हा आई काय करत होत्या, शेवटचं खाणं कधी झालं होतं, कोणती गोळी किती वाजता घेतली होती, दवाखान्यात बीपी, साखर, नाडी आणि ऑक्सिजन किती आला, काय दिलं आणि किती वेळात बरं वाटलं. वेळेचा रकाना बहुतेक सगळं बोलतो. सकाळच्या गोळ्यांनंतर तासा-दोन तासांनी चक्कर म्हणजे संशय बीपीच्या गोळ्यांवर. झोपल्यावर तासा-दोन तासांत धाप लागून उठून बसावं लागणं म्हणजे हृदयावर. जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने अंधारी येणंही या वयात होतं, कारण रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी खाली येतो. कूस बदलताना खोली गरगरणं हा प्रकार बहुधा कानाचा. उपवास आणि घाम एकत्र आले की आधी साखरेचं बघायचं. आणि खेपा नेमक्या शनिवार-रविवारी होत असतील तर त्या दिवशी घरात काय वेगळं असतं, हेही विचारावं.

दुसरं काम गोळ्यांचं, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. नेहमीचं प्रिस्क्रिप्शन बघून उपयोग नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा: डब्यातल्या, देवघराजवळच्या, उशाखालच्या, शेजारणीने ‘मला गुण आला’ म्हणून दिलेल्या, आयुर्वेदिक चूर्णं, थेंब, मलमं, सगळं. प्रत्येक पाकिटावरचं कंपनीचं नाव सोडा, त्याखालच्या बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. एकच औषध दोन नावांनी चालू असणं ही नेहमीची चूक आहे. दाखल असताना मोठ्या हॉस्पिटलने टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध एका नावाने लिहिलेलं असतं, गावच्या डॉक्टरांचं दुसऱ्या नावाचं आधीपासून चालू असतं, आणि पेशंट इमानाने दोन्ही घेत असतो.

नावापुढची शेपटंही वाचा. टेल्मिसार्टनपुढे ‘एएम’ असेल तर त्यात अॅम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध मिसळलेलं आहे, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. साखरेच्या गोळीपुढे ‘१’ किंवा ‘२’ असतो, तो बहुधा त्यातल्या ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाचे मिलिग्रॅम सांगतो. मेडिकलवाल्याकडे ‘१’ संपली म्हणून ‘२’ दिली गेली तर डोस दुप्पट झाला, आणि पाकिटाचा रंग तोच असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

गोळीने झालेल्या त्रासावर दुसरी गोळी, तिच्या त्रासावर तिसरी, अशी साखळी कशी तयार होते ते बघा. अॅम्लोडिपिनने काही जणांचे घोटे सुजतात. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी सुरू होते. तिने पाणी आणि मीठ बाहेर जातं, उभं राहिल्यावर बीपी पडतो, चक्कर येते. चक्कर आली म्हणून सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन सुरू होतं. ती गोळी महिनोन् महिने चालली की हालचाली मंदावतात, पावलं घासत पडतात, हात थरथरतात, आणि पेशंट पडतो. पडल्यावर अंग दुखतं म्हणून वेदनाशामक. ही साखळी उलट दिशेने सोडवावी लागते, आणि एका वेळी एकच कडी. तीन गोळ्या एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बदल केल्यावर साधारण दोन आठवडे थांबून पुढची कडी बघायची.

वेदनाशामकाबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते औषधांत धरलंच जात नाही. ‘बीपीची आणि शुगरची गोळी घेते, बाकी काही नाही’ असं सांगणाऱ्या आजींच्या बटव्यात डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक हमखास सापडतं. या गोळ्या बीपी वाढवतात, अंगात पाणी साठवतात, आधीच थकलेल्या हृदयाला धाप लागेपर्यंत नेतात आणि जठरातून रक्तस्राव करू शकतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो, विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाब झालेले असताना. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल जास्त सुरक्षित. या वयात दिवसाला ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त सहा गोळ्या. वजन फार कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशेबात धरायचं. ‘एका इंजेक्शनात गुडघा मोकळा’ असं कुठे होत असेल तर ते स्टेरॉइड आहे का हे विचारा. त्याने साखर काही दिवस भडकलेली राहते.

झोपेची गोळी, म्हणजे अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, रात्री बाथरूमला उठताना झोक जाण्याचं मोठं कारण आहे. वर्षानुवर्षं चालू असेल तर ती एकदम थांबवायची नाही. झटके येऊ शकतात. दर दोन-चार आठवड्यांनी थोडा डोस उतरवत न्यायचा, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली.

आता चक्कर. ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात, म्हणून तो शब्द न वापरता आईंना वर्णन करायला सांगा. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटतं का? भिंती गरगर फिरतात का? की डोकं ठीक असतं, पण पाय लटपटतात, झोक जातो?

अंधारी येत असेल तर घरीच एक चाचणी करता येते. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटाने घ्या, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. मागे खुर्ची आणि शेजारी माणूस हवाच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चकरेचं कारण मिळालं असं समजायला जागा आहे. कॅज्युअल्टीत पेशंट झोपलेला असतो आणि बीपी झोपूनच घेतला जातो, त्यामुळे १४०/८० असा बरा आकडा येतो आणि हे निसटतं. हे आकडे लिहून नेले की डॉक्टरांना गोळीची वेळ किंवा डोस बदलायला आधार मिळतो. तोवर अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, मग उभं राहायचं. प्रोस्टेटची गोळी घेणाऱ्या पुरुषांमध्ये हाच प्रकार नेहमी दिसतो, तेव्हा वडिलांचीही चाचणी करून टाका.

गरगरणं काही सेकंदांचं आणि कूस बदलताना किंवा वर फळीकडे बघताना होत असेल, तर कानाच्या आतले सूक्ष्म स्फटिक जागचे हललेले असतात. डॉक्टर मान विशिष्ट दिशांनी फिरवून ते जागी आणतात. एक-दोन बैठकांत गुण येतो. यावर महिनोन् महिने गोळ्या खाण्यात अर्थ नाही. लटपटणं असेल तर बी१२ बघा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू आणि आहार शाकाहारी, अशांमध्ये ते कमी असणं नेहमीचंच.

एक तपासणी मी कधी सोडत नाही ती सोडियमची. सामान्य पातळी १३५ ते १४५. ‘एच’वाली बीपीची गोळी, वर गॅसची रोजची गोळी, आणि बीपी म्हणून जेवणातलं मीठ जवळजवळ बंद, असं असताना ते १२५च्या खाली गेलं की माणूस सुस्तावतो, तोल जातो, बरळतो. घरचे म्हणतात ‘वयामुळे’, आणि सलाईन लावल्यावर दोन दिवस बरं वाटतं म्हणून मूळ कारण शोधलं जात नाही.

संकष्टीचा प्रसंग मला सर्वांत गंभीर वाटतो. बहुधा असं झालं असेल: सकाळी ग्लिमेपिराइड घेतली, दुपारी थोडंसं खाल्लं, आणि जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री आठ-नऊच्या पुढे. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, साखर खाली ढकलत राहते. मूत्रपिंडं मंदावली असतील तर तिचा अंमल आणखी लांबतो. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं, क्वचित एका बाजूची ताकद कमी होणं, सगळं साखर पडल्याने होऊ शकतं. ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि सावरल्यावर पोळी-भात असं काहीतरी खाऊ घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत संपली नाही ना, हे मात्र आजच बघा.

इथे कॅज्युअल्टीत होणारी चूक अशी की शिरेतून ग्लुकोज दिलं, पेशंट पाच मिनिटांत बोलायला लागला, की घरी पाठवतात. ग्लिमेपिराइड आणि त्या गटातल्या गोळ्यांनी पडलेली साखर २४ तासांत पुन्हा पडू शकते. अशा वेळी रात्रभर ठेवून घ्यायला सांगा. आणि पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारा: ही गोळी बदलता येईल का, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं (रिपोर्टवर ‘एचबीए१सी’, टक्क्यांत) लक्ष्य सैल करता येईल का. थकलेल्या, अनेक दुखणी असलेल्या वृद्धांमध्ये ते ८च्या आसपास असलं तरी चालतं. तरुणांसाठीचा ७चा आग्रह इथे धरला की साखर पडण्याचे प्रसंग वाढतात. उपवास बंद करा असं सांगून कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.

रात्रीच्या धापेचं. आई किती उशा घेऊन झोपतात? दोनाच्या तीन झाल्या का? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवला तर खळगा राहतो का? रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, साठलेलं पाणी. धाप लागण्याच्या दोन-चार दिवस आधी वजन बोलतं, म्हणजे रात्रीची खेप दिवसाच्या ओपीडीत बदलता येते. तपासणीत छातीचा एक्स-रे आणि एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. एकोत ‘पंपिंग ६० टक्के’ आलं म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. जुन्या बीपीने हृदय कडक झालं असेल तर ते आकुंचन नीट पावतं, पण सैल नीट होत नाही, आणि धाप तशीच लागते.

आता सलाईन. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. जुलाब झालेत, उन्हाने सुकलेत, अशांना सलाईन औषध आहे. पण धाप लागणाऱ्या हृदयाच्या पेशंटला ‘अशक्तपणासाठी’ दिलेल्या दोन बाटल्या म्हणजे पुढच्या खेपेची तयारी. तरतरी येते हे खरं. त्यात दोन तास आडवं पडून राहण्याचा आणि भीती ओसरण्याचा वाटाही असतो. मागणी बहुतेक वेळा घरच्यांचीच असते, म्हणून हे तुम्हालाच सांगतोय: सलाईन मागू नका, ‘सलाईनची गरज का आहे’ हे विचारा.

धाप फुप्फुसाचीही असू शकते, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केला त्यांच्यात. पंप असेल तर आईंना तुमच्यासमोर घ्यायला सांगा. पंपात टाकायच्या कॅप्सूल पाण्यासोबत गिळल्या जाणं हा प्रकार अजूनही सर्रास आहे. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, हवा, आणि औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखायला हवा. कॅज्युअल्टीत वाफ घेऊन दर वेळी बरं वाटतं आणि घरचा पंप काम करत नाही, तेव्हा बहुधा दोष पंप घेण्याच्या पद्धतीत असतो.

‘ईसीजी नॉर्मल’ यावरही थोडं. त्या दहा सेकंदांत हृदयाचे ठोके नीट होते, एवढंच तो कागद सांगतो. मधुमेह असलेल्या वृद्ध स्त्रियांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. घाम, धाप, करपट ढेकर, खांदे गळून जाणं एवढंच असतं. संशय असेल तर ईसीजी काही वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी, रक्ततपासणी तीन ते सहा तासांनी पुन्हा करतात. नाडी मध्येच अनियमित होत असेल तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात, पण त्या २४ तासांत त्रास झाला नाही तर तेही कोरं येतं. म्हणून त्रास चालू असताना काढलेला ईसीजी सर्वांत मोलाचा. आणि सॉर्बिट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी, गोळी ‘छातीत कसंतरी झालं’ की लगेच जिभेखाली ठेवायची सवय सोडा. वरचा बीपी शंभराच्या खाली असताना ती दिली तर माणूस कोसळतो.

पुष्कळ खेपांची सुरुवात घरच्या बीपी मशिनपासून होते. १८० दिसला, घाबरून पुन्हा मोजला, १९५ आला, गाडी काढली. छातीत दुखणं, धाप, तीव्र डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात बदल यांतलं काही नसेल तर शांत बसून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बहुतेक वेळा उतरलेला असतो. उतरला नाही तरी घाईघाईने खाली आणण्याची गोळी जिभेखाली ठेवू नये, मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडून अर्धांगवायू होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ओपीडीत जायचं.

पडण्याबद्दल एकच: डोक्याला मार लागला असेल आणि अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ठीक वाटलं तरी डॉक्टरांशी सीटी स्कॅनचं बोला. कवटीखालचा हळूहळू साचणारा रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांनी सुस्ती आणि चालीतल्या बदलातून दिसू लागतो.

पोट आणि लघवी या विषयांवर आई तुमच्याशी बोलणार नाहीत. बहीण किंवा सुनेला विचारायला सांगा. कडक मळ अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ शौच होते, घरचे जुलाब समजून गोळी देतात आणि कोंडी वाढते. पोटदुखी, लघवी तुंबणं, रात्रभर अस्वस्थता हे सगळं त्यातून होतं. लघवी तपासणीत जंतू सापडले, पण जळजळ, ताप, वारंवारता काही नाही, तर या वयाच्या स्त्रियांत त्याला अँटिबायोटिकची गरज बहुधा नसते.

आणि आता मन. एवढं सगळं बघून झाल्यावर ते बघायचं, पण बघायचंच. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हे वाक्य मला मान्य नाही. एकदा रात्री खरोखर धाप लागलेली बाई पुढच्या रात्री छातीत जरा धडधडलं तरी घाबरते, आणि घाबरल्याने श्वास आणखी जोरात चालतो. पहिला प्रसंग खरा, चौथा भीतीचा, पाचवा पुन्हा खरा, असंही असतं. म्हणून मागच्या वेळी भीती होती यावरून या वेळी भीतीच आहे असं ठरवता येत नाही. भूक आणि झोप उडणं, आवडत्या गोष्टीत मन न लागणं, ‘आता बास झालं’ असं बोलणं, हे दोन आठवड्यांहून जास्त असेल तर ते नैराश्य, आणि त्यावर उपचार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं. वृद्धांसाठीची हेल्पलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. वडिलांकडेही बघा. काही घरांत कॅज्युअल्टीची खेप पेशंटच्या नव्हे, सांभाळणाऱ्याच्या सहनशक्तीने ठरते. ते ८० पार असतील आणि रात्री एकटे असतील, तर रात्री दोनला त्यांना सुचणारा एकमेव मार्ग रिक्षा बोलावणं हाच असणार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ‘फुल बॉडी’ पॅकेज करू नका. त्यात साठ आकडे येतात, पाच-सहा थोडे इकडेतिकडे असतात, प्रत्येकाच्या मागे एक तज्ज्ञ आणि एक नवी गोळी लागते. उभं राहून घेतलेला बीपी, गोळ्यांची पिशवी आणि पंपाची पद्धत या तीन गोष्टी त्या पॅकेजात नसतात. हिमोग्लोबिनसह रक्तगणना, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, बी१२, लघवी, छातीचा एक्स-रे आणि एको एवढं पुरे. पुढचं यातून जे निघेल त्यावर.

ते करायला पुणंच हवं असंही नाही. गावातला एक फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर ठरवा जो सहा ओळींचा कागद आणि पिशवी बघायला अर्धा-पाऊण तास देईल. सांजच्या गर्दीत नव्हे, आधी वेळ घेऊन, आणि तुम्ही स्वतः हजर राहून. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून बीपी-साखरेची नियमित नोंद ठेवता येते, आशाताईंना सांगितलं तर त्या अधूनमधून घरी डोकावतात. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. मात्र ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. कार्ड आताच काढून ठेवा, दाखल व्हायच्या रात्री नव्हे.

वाट न बघता निघायचं कधी, हे वडिलांना मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं. इथे साडेचार तासांच्या आत रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवायची आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच जायचं. छातीत दडपण आणि घाम. बसूनही न थांबणारी धाप, किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा घसरून नव्वदच्या खाली. शुद्ध हरपणं. काळी किंवा रक्ताची शौच. पडल्यावर पाय टेकवता न येणं. अचानक सुरू झालेला गोंधळ, भ्रम. यांत गावातल्या छोट्या दवाखान्यात थांबून सलाईन लावत बसायचं नाही, १०८ लावायचा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो.

पुढच्या वेळी कॅज्युअल्टीत जावं लागलं तर, आणि एखाद-दोनदा लागेलच, वडिलांनी सहा ओळींचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि जुना ईसीजी पुढे करावा आणि पहिलंच वाक्य सांगावं: ‘चार महिन्यांतली ही सातवी खेप आहे.’ या वाक्याने डॉक्टरचा विचार बदलतो. घरी निघण्याआधी तुम्ही फोनवरून त्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: तुम्हाला कशाची शंका होती आणि ती कशावरून दूर झाली, आज कोणतं इंजेक्शन किंवा नवी गोळी दिली, आधीची कोणती गोळी उद्या द्यायची नाही, आणि कोणतं लक्षण दिसलं तर आज रात्रीच परत आणायचं. उत्तरं केसपेपरवर लिहून मागा. तो केसपेपर ४८ तासांच्या आत गावातल्या त्या एका डॉक्टरच्या टेबलावर गेला पाहिजे, आईंना तोवर अगदी बरं वाटत असलं तरी.